झाडलेले पंख

‘झाडलेले पंख’ हे शब्द माझे. जालना, भोकरदन, राजूर या भागात आमचे साप्ताहिक ज्यांच्या घरी येत असे, त्यांना ते आठवले तर ते आता हसतील. हसू द्यावे. ते हसणे माझ्या चांगले ओळखीचे झाले आहे. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामातले दोन-चार अनुभव लिहून द्या’ असे सांगितले, तेव्हा मी बरेच दिवस दुसरे काहीतरी शोधत होते. सापडले नाही असे नाही. पण जे लिहायला घेई ते फिरून याच दोन शब्दांपाशी येई.

माझे तेव्हाचे काम काय, हे सांगतानाही मला संकोच होतो. हळदीकुंकवाला कुणी विचारले तर मी ‘छापखान्यात जाते’ एवढेच म्हणत असे. जगात नसलेल्या दोन देशांसाठी जगात नसलेली लढाऊ जेट विमाने मी दर आठवड्याला तयार करून देते, हे कुंकू लावता लावता कसे सांगणार?

माझे वडील हैदराबादला मुलकी खात्यात होते, त्यामुळे माझे शिक्षण सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात झाले. मराठी मी घरात ऐकली, शाळेत कधी लिहिली नाही. वडील निवृत्त होऊन जालन्याला आले तेव्हा पोलीस अ‍ॅक्शनला काही वर्षे झाली होती. गावात मराठी शाळा निघत होत्या, मराठी वाचणारे वाढत होते, आणि त्यांच्यासाठी अण्णांनी साप्ताहिक काढले होते. अण्णा म्हणजे छापखान्याचे मालक. अंगाने आडवे, बोलायला मोकळे. मी पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर जमिनीकडे बघत उभी होते.

"इंग्रजी येतं ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"मंग झालं. मराठी तर आपल्या घरचंच हाये."

त्यांनी हैदराबादहून इंग्रजी मासिकांचे गठ्ठे रद्दीत आणले होते. त्यांत विमानांची माहिती आणि चित्रे होती. त्यांवरून मी एक लांबलचक गोष्ट लिहावी, दर आठवड्याला एक पान, असे ठरले. खऱ्या देशांची नावे घालायची नाहीत, ही अट त्यांचीच. विमान म्हटले की जालन्यातल्या मोठ्या माणसांना अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर, म्हणजे ती पोलीस अ‍ॅक्शन, आठवे, आणि तो प्रत्येकाला वेगळा आठवे. "दोन्हीकडचे वाचक आपलेच हायेत, ताई. देश खोटा ठेवा. देशच खोटा असला की चूक काढणार कोन?"

या शेवटच्या वाक्यावर माझा फार विश्वास बसला.

मी दोन देश केले. डोंगरावरचे उंचावळ आणि खालचे तळकोट. त्यांचे भांडण नदीवरून होते, असे आठवते. वाचकांना भांडणाशी कर्तव्य नव्हते, विमानांशी होते. लेखकाचे नाव म्हणून अण्णांनी ‘विमानवाला’ असे छापले. लोकांना तो कुणी सैन्यातून परतलेला पुरुष वाटे. मला ते सोयीचे होते.

विमानांच्या पिढ्या म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. एका काळात निघालेली, साधारण एकाच ताकदीची विमाने म्हणजे एक पिढी. नावे मी शिकारी पक्ष्यांची घेतली. उंचावळची पहिली पिढी ‘शिक्रा’. पुढचा फिरता पंखा गेला आणि पोटात भट्टीसारखे इंजिन आले, पण पंख जुन्या विमानांसारखेच सरळ, दोन्ही बाजूंना पसरलेल्या हातांसारखे. दुसरी पिढी ‘ससाणा’, जास्त वेगाची. तिसरी ‘बहिरी’, आवाजाला मागे टाकणारी. नवी पिढी आली की जुनी लगेच नाहीशी होत नाही. ती शिकाऊ वैमानिकांकडे जाते, मग धाकट्या देशांना विकली जाते, शेवटी मोडीत निघते.

इंग्रजी मासिकात ‘जनरेशन’ होते, मी ‘पिढी’ लिहिले. शब्द चुकीचा नव्हता. पण तो वाचकांच्या घरात शिरला तेव्हा त्याच्यामागून सगळी भावकी आत आली. ही बातमी आणली माधवरावांनी. माधवराव भोकरदनच्या मोटारीवर कंडक्टर होते. आमचे गठ्ठे तेच नेत, आणि येताना वाचकांचे म्हणणे तोंडी घेऊन येत.

"ताई, राजूरच्या एका म्हातारीनं इचारलंय. शिक्रा बाप, ससाणा पोरगा, हे समजलं. ससाण्याची माय कोन?"

अण्णांनी आतून ओरडून सांगितले, "माय म्हनावं माहेरी गेली, पुढच्या अंकात येईल!"

शिक्रे मोडीत निघाले त्या आठवड्यात तर मोटार स्टँडवर म्हणे कुणी जेवले नाही. पोरगा कमावता झाल्याबरोबर बापाला भंगारात घातले, असला कसला हा देश? तळकोटला एवढे पाठीराखे त्याआधी कधी मिळाले नव्हते. मी घरी जाऊन आईला हे सांगितले तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. त्या कामातला मला आठवणारा तो निखळ आनंद.

मग ससाण्याचे सविस्तर वर्णन लिहायची वेळ आली. विमान आवाजाच्या वेगाजवळ जाऊ लागले की समोरची हवा घट्ट होऊन अडवू लागते. सरळ पंख तिच्यावर थडकतात. म्हणून दुसऱ्या पिढीत पंख मागे कलते केले. हवा त्यांच्यावरून निसटून जाते. मासिकात या पंखांना ‘स्वेप्ट’ म्हटले होते. ‘स्वीप’ म्हणजे झाडणे, हे मला पहिलीपासून माहीत होते. चित्र समोर होते. त्यात पंख मागे कललेले स्वच्छ दिसत होते. तरीही मी लिहिले, ‘या पिढीचे वैशिष्ट्य म्हणजे तिचे झाडलेले पंख.’ चित्रापेक्षा मला शब्दाची खात्री जास्त होती.

आमच्याकडे खिळे जुळवायला करीमचाचा होते. शिशाचे एकेक अक्षर पेटीच्या खणातून उचलून ते ओळ बांधत. घरी उर्दू बोलत, पण मराठीच्या काना-मात्रा बोटांनी ओळखत. त्यांनी माझा कागद हातात धरून विचारले, "बेटी, हे झाडलेले पंख काय हाये?"

"इंग्रजीत तसंच आहे, चाचा."

"इंग्रजीत हाये तर मंग बराबर हाये," ते म्हणाले आणि ओळ बांधली.

पुढच्या आठवड्यात माधवराव आले ते दारातूनच बोलत. "भोकरदनच्या स्टँडवर दोन पार्ट्या पडल्या बघा. एक म्हन्ते, पंख रोज सकाळी झाडतेत. दुसरी म्हन्ते, न्हाई, उडायच्या टायमाला झाडतेत, धूळ असली तर विमान जड होतं. आता तुमी सांगा, झाडतं कोन?"

काय चुकले ते मला त्याच क्षणी कळले. मी अण्णांकडे गेले आणि कसेबसे सांगितले की शब्द चुकला आहे, दुरुस्ती छापू या. अण्णा हसले.

"ताई, छापलेली चूक आपन कबूल करत न्हाई. तिला प्रथा म्हनायचं. उंचावळात पंख झाडायची प्रथा हाये. आता झाडनारा आना एक."

मी आणला. भिका त्याचे नाव. खांद्यावर लांब झाडू घेऊन तो विमानतळावर धावत असे. विमान सुरू झाले की घाबरून चाकाखाली लपे, वैमानिकांच्या पाया पडे, झाडूलाच सलाम करी. वैमानिक पुस्तकी मराठी बोलत. भिकाने कसे बोलावे हा प्रश्न आला, कारण मला दुसरी मराठी फारशी येतच नव्हती. जी येत होती ती सोनाबाईंची.

सोनाबाई आमचा छापखाना आणि पुढची गल्ली झाडत. रोज सकाळी कागदाचे कपटे आणि सांडलेले खिळे वेगळे काढून त्या करीमचाचांच्या पुढ्यात ठेवत आणि यंत्राकडे बघून म्हणत, "माह्या हाताखालून गेल्याबिगर ह्ये काय बी चालत न्हाई." चाचा म्हणत, "बिलकुल न्हाई, सोनाबाई." हे रोजचे होते. मी कोपऱ्यात बसून ऐकत असे. मला त्यांचे बोलणे आवडे, हे मी खरे सांगते. आवडे म्हणूनच मी ते भिकाच्या तोंडी घातले, जसेच्या तसे. ‘माह्या हाताखालून गेल्याबिगर ह्ये काय बी उडत न्हाई,’ असे म्हणून भिका पंखावरून तोंडावर पडे, आणि त्या आठवड्याचे पान संपे.

भिका इतका चालला की अण्णांनी छपाई वाढवली. बाजारात पोरेसोरे ते वाक्य म्हणू लागली. जालन्यासारख्या गावात ते कुणाचे वाक्य आहे हे ओळखायला वेळ लागला नाही. सोनाबाई एकदा आल्या त्या हसतच. "चाचा, माहं बोलनं पेपरात आलं म्हनं? सगळी गल्ली म्हनून राह्यली. वाचा की जरा."

चाचांनी अंक उघडला. मी प्रूफावर मान घातली. ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचले तेव्हा सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या खूश झाल्या होत्या. चाचा पुढे वाचू लागले, भिका घाबरतो, पाया पडतो. मग त्यांचा आवाज हळू झाला आणि त्यांनी अंक मिटला. "बाकीचं लई बारीक हाये, दिसत न्हाई," ते म्हणाले.

"चांगलं हाये की," सोनाबाई म्हणाल्या आणि झाडू उचलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपटे वेगळे केले, खिळे चाचांपुढे ठेवले आणि यंत्राकडे न बघता निघून गेल्या. ते वाक्य मी पुन्हा कधी ऐकले नाही.

तेवढ्यावर थांबले असते तरी माझ्या मनाला ते लागून राहिले असते. पण सोनाबाईंना एक मुलगी होती. कमलबाई फायनल परीक्षा पास झालेल्या, आणि गावातल्या एका नव्या मराठी शाळेत तिसरीच्या वर्गावर त्यांची नेमणूक झाली होती. नेमणूक तात्पुरती. वर्ग नीट सांभाळला, हेडमास्तरांनी शिफारस केली, तर कायम. झाडणाऱ्या बाईंच्या मुलीने मास्तरीण होणे गावातल्या पुष्कळांना पटलेले नव्हते. ते शिफारशीकडे डोळे लावून बसले होते, आणि कमलबाई तर त्याहून जास्त.

एके दुपारी त्या छापखान्यात आल्या. वयाने माझ्याहून लहान, फिकी निळी साडी, हातात छत्री. ‘विमानवाला कोण’ असे त्यांनी विचारले, आणि अण्णांनी बोट माझ्याकडे केले. त्या क्षणभर थबकल्या. बहुधा त्यांनी पुरुषाशी भांडायची तयारी करून आणली होती.

"तुम्ही?"

मी मान हलवली.

"माझ्या खुर्चीवर पोरांनी झाडू ठेवला," त्या म्हणाल्या. त्या शाळेतली भाषा बोलायचा प्रयत्न करत होत्या. "कागदाचं विमान करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, बाई, विमान आलं, झाडा. मी एकाला उभं केलं तर सगळा वर्ग ते तुमचं वाक्य म्हणायला लागला. रोज चालू आहे. हेडमास्तर खिडकीतून बघत्यात. काल म्हणाले, बाई, वर्ग तुमच्या ताब्यात न्हाई, मी शिफारस कशी करू?"

अण्णा आत गेले होते. मला वाटले, सुचले. मी म्हटले, "मी भिकाला वैमानिक करते. पुढच्याच अंकात. तो सगळ्यांत शूर निघतो असं दाखवते."

हे म्हणताना मला जरा बरे वाटले होते. बक्षीस देणाऱ्याला वाटते तसे.

"नका करू!" कमलबाई एकदम म्हणाल्या, आणि शाळेतली भाषा गेली. "आज म्हनतेत, बाई झाडा. उद्या म्हनतील, बाई, झाडून झालं, आता उडा. त्याला काय बी करा, झाडू माह्याच हातात राह्यतो. मला येवढं सांगा, विमानाचे पंख खरंच झाडतेत का?"

"नाही."

"मंग हे आलं कुठून?"

मी पट्टी घेतली आणि पंख कसे मागे कललेले असतात ते दाखवले. इंग्रजी शब्द सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतले.

"म्हंजे तुमची चूक झाली."

"हो."

"मंग तसंच लिहा. चूक झाली म्हनून लिहा. दुसरं काय बी नको."

त्या गेल्या. मागितले ते किती थोडे होते. पण मला ते फार वाटले. त्या छापखान्यात मला जी काही किंमत होती ती इंग्रजीमुळे. मराठीत मी कच्ची, बोलण्यात मागे, चारचौघांत बसता न येणारी. इंग्रजी येते, एवढ्यावर मला तिथे टेबल मिळाले होते. तेच मला येत नाही, असे मी माझ्या हाताने छापायचे होते. मी रडले नाही. मी मधली वाट शोधली. पुढच्या अंकात भिकाची सीमेवर बदली झाली असे एका ओळीत लिहून टाकले, आणि झाडूचा विषयच काढला नाही. कुणाला न दुखवता गोष्ट मिटेल असे मला वाटले. कुणाला म्हणजे मला.

माधवराव चिडून आले. "भिका कुठं गेला? राजूरला लोक माह्या अंगावर येऊन राह्यले, जसा का मीच त्याला मोटारीत बसवून सोडलं!" त्यांचे मी ऐकून घेतले. पण त्याच आठवड्यात सोनाबाई केर काढता काढता माझ्या टेबलाखाली वाकल्या आणि वर न बघता म्हणाल्या, "आक्का, पोरं म्हनतेत, भिकाची बदली झाली, बाई तुमची कवा? कमल आज साळंत गेली न्हाई. पोटात दुखतंय म्हन्ते. तिचं पोट न्हाई दुखत."

त्यांनी केर भरला आणि गेल्या. एवढेच बोलल्या. मला ‘तू’ असे म्हणाल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तरी मला सोपे गेले असते.

मी अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. या वेळी जमिनीकडे बघितले नाही असे लिहायला मला आवडले असते. "दुरुस्ती छापायची आहे," मी म्हटले.

"पुन्हा तेच? ताई, पेपर झाडूवर चालून राह्यलाय."

"नाहीतर मी ससाण्याच्या पुढची पिढी लिहिणार नाही."

अण्णांनी हातातले काम बाजूला ठेवले. माझ्या तोंडून एवढे लांब वाक्य त्यांनी कधी ऐकले नव्हते. "नाव कुनाचं टाकायचं? विमानवाल्याचं?"

"माझं."

"खरं नाव?"

"हो."

"मंग छापा," ते म्हणाले. "हसतील ते तुमाला हसतील. पेपरला न्हाई."

अण्णा वाईट नव्हते. त्यांनी मला फक्त हिशेब सांगितला, आणि तो अगदी बरोबर निघाला.

मी लिहून दिले: ‘दुसऱ्या पिढीच्या विमानांचे पंख झाडलेले नसतात, मागे कललेले असतात. इंग्रजी शब्दाचा अर्थ मला कळला नव्हता. विमानाचे पंख कुणीही झाडत नाही. भिका हे पात्र केवळ माझ्या अज्ञानातून आले.’ करीमचाचांनी कागद घेतला. "बेटी, बारीक खिळा लावू का मोठा?"

"मोठा."

"आन् हे ‘मला कळला नव्हता’, हे राहू द्यायचं?"

"राहू द्या, चाचा."

त्यांनी ओळ बांधली आणि त्या दिवशी मला त्यांच्या किटलीतला चहा दिला.

अंक निघाला आणि अण्णांचा हिशेब खरा होऊ लागला. विमानवाला ही बाई आहे, आणि तीही कॉन्व्हेंटात शिकलेली, आणि तिला साधा इंग्रजी शब्द कळला नाही, यात लोकांना भिकापेक्षा जास्त गंमत होती. एक वकीलसाहेब दुकानाच्या ओट्यावरून मला ऐकू येईल असे म्हणाले, "इतका खर्चा करून मुलींना इंग्रजी शिकवायची ती ह्यासाठी!" भाजीवाली विचारी, "मेथी झाडून देऊ का कलती देऊ?" कुणाच्या तरी बारशाला मी गेले तर पाळण्याजवळच्या बायका एकदम गप्प झाल्या, आणि मी बाहेर पडायच्या आत पुन्हा हसू लागल्या. मी रस्ता बदलून जाऊ लागले, पण जालन्यात बदलून जाण्याजोगे रस्ते किती आहेत?

शाळेत काय झाले ते मला सोनाबाईंनी सांगितले. कमलबाईंनी तो अंक वर्गात नेला आणि दुरुस्ती मोठ्याने वाचली. मग फळ्यावर सरळ पंखांचे विमान काढले, शेजारी कलत्या पंखांचे काढले, आणि दोन्ही पाटीवर उतरवून घ्यायला सांगितले. एक जण उठून म्हणाला, "बाई, मंग भिका?"

"भिका नव्हताच."

"मंग झाडू?"

"झाडू कोपऱ्यात हाये. आज वर्ग झाडायची पाळी कुनाची? त्यानं घ्यावा."

पाळी त्याचीच होती, असे सोनाबाईंचे म्हणणे. मला ते जरा जास्तच चांगले वाटते, पण मी त्यांना उलट विचारले नाही. चिडवणे काही एका दिवसात गेले नाही. हळूहळू कमी झाले, आणि पोरांना माझ्यावर नवीन वाक्य सापडले. शिफारस झाली. कमलबाई कायम झाल्या.

मला वाटले, फिटले. त्यानंतर काही महिन्यांनी माधवरावांनी सहज सांगितले, "सोनाबाईची लेक मंठ्याला गेली बघा. सोताहून मागून घेतलं. हेडमास्तर म्हनले, बाई, घराजवळची साळा सोडून कुठं जाता? तर म्हनली, मंठ्याला तो पेपर जात न्हाई."

ते गठ्ठे मोजत होते.

बहिरीची पिढी मी पूर्ण लिहिली. तिच्यात एकही इंग्रजी शब्द मी चित्र बघितल्याशिवाय मराठीत आणला नाही. नंतर अण्णांना क्रमिक पुस्तकांची छपाई मिळाली आणि उंचावळ-तळकोट बंद पडले. मी आता प्रुफे तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचे काम मला चांगले जमते.

हा लेख लिहून झाल्यावर तो न दाखवता छापायला देणे मला शक्य नव्हते. मी मोटारीने मंठ्याला गेले. कमलबाईंनी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून सगळी पाने वाचली. मधे एकदा हसल्या, मेथीपाशी. वाचून झाल्यावर पाने सारखी करून मांडीवर ठेवली.

"परत आमचंच बोलनं छापलं तुम्ही," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, नको असेल तर फाडून टाकते. नावे बदलली आहेत, गावही बदलते.

"मंठा राहू द्या. आता मी हितंच हाये, पेपर येवो न्हाईतर न येवो." त्यांनी पहिली काही पाने पुन्हा उलटली, एका ठिकाणी बोट ठेवले. "मला तुम्ही ‘त्या’ लिहिलंय. कमलबाई आल्या, म्हनाल्या. चाचालाही ‘ते’ हाये, मोटारवाल्यालाही. मंग माह्या आईला ‘ती’ का? सोना आली, सोना गेली. तिनं तुमाला कवा ‘अगं’ म्हटलंय?"

मी पान हातात घेऊन बघितले. सगळीकडे तसेच होते. लिहिताना माझ्या लक्षातही आले नव्हते. ही तर मराठीतली गोष्ट होती, इंग्रजीतली नव्हे.

त्यांनी मला दौत-टाक आणून दिले. व्हरांड्यात बसून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दुरुस्त करत गेले. ‘आली’चे ‘आल्या’, ‘म्हणाली’चे ‘म्हणाल्या’, आणि नावापुढे ‘बाई’. कमलबाई शेजारी बसून बघत होत्या. शेवटच्या मोटारीची वेळ झाली तेव्हा काही पाने राहिली होती, ती मी घरी येऊन केली. तरी घाईत कुठे एखादी ‘ती’ तशीच राहून गेली असेल, तर ती खिळे जुळवणाऱ्याची चूक समजू नये. माझी समजावी.